जपानला कापूस, चीनला डॉक्टर

१८७० च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वऱ्हाडातल्या खामगावात आले. जलंबहून खामगावपर्यंतचा रेल्वेचा छोटा फाटा आणि तिथला कापसाचा बाजार सुरू करण्यासाठी ही भेट होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांची उपासमार झाली होती आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत या कापसाचा गिऱ्हाईक बदलला. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. अमरावतीच्या नावावरून व्यापारी त्याला ‘उमरा’ म्हणत. इंग्लंडच्या बारीक सुताला तो फारसा मानवत नसे. जपानी गिरण्यांना मात्र अमेरिकी कापसात मिसळायला नेमका असाच स्वस्त माल हवा होता. १८९३ मध्ये टाटा आणि जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने मिळून मुंबई ते कोबे अशी बोट सुरू केली, ती मुख्यतः कापसासाठी. १९३० च्या दशकात भारतीय कच्च्या कापसाचा सर्वांत मोठा परदेशी खरेदीदार जपान होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव इथल्या जिनांतून बांधलेल्या गाठी मुंबईच्या गोदीवर पोचल्या, की त्यांतल्या कितीतरी पूर्वेकडची वाट धरत.

हे नातं किती घट्ट होतं ते १९३३ मध्ये दिसलं. सरकारने ब्रिटिशेतर कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी भारतीय कापूस घेणंच थांबवलं, आणि कापूसपट्ट्याचा जीव टांगणीला लागला. जानेवारी १९३४ मध्ये तोडगा निघाला. जपानने १० लाख गाठी घेतल्या तर त्याला ३२.५ कोटी वार कापड भारतात विकता येईल, आणि १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या सावकाराचं व्याज, पोरीचं लग्न, पुढच्या हंगामाचं बियाणं हे सगळं असं टोकियो आणि दिल्लीतल्या कागदांवर अवलंबून होतं.

मला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या १९४६ च्या चित्रपटाविषयी लिहायचं आहे, आणि त्यासाठी सुरुवात कापसापासूनच करायला हवी. या चित्रपटामागची घटना म्हणजे स्वतःच्या फायद्याच्या विरोधात जाऊन घेतलेल्या एका निर्णयाची गोष्ट आहे. तो निर्णय आधी एका पक्षाने घेतला, मग एका घराने घेतला.

७ जुलै १९३७ रोजी बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर उघड युद्ध लादलं. शांघाय पडलं, डिसेंबरात नानकिंग पडलं, आणि तिथल्या कत्तलीच्या बातम्या जगभर गेल्या. त्याआधीच, ऑक्टोबर १९३७ मध्ये, कलकत्त्याला भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने जपानी आक्रमणाचा निषेध केला होता आणि लोकांना जपानी माल न वापरण्याचं आवाहन केलं होतं. जपान आपला माल घेणारा सर्वांत मोठा गिऱ्हाईक, आणि त्याच्याच मालावर बहिष्कार. १९३३ चा धक्का ताजा असताना कापूसपट्ट्याला या ठरावाची किंमत वेगळी समजावून सांगायची गरज नव्हती. ब्रिटन त्या वेळी जपानला दुखवायला तयार नव्हता आणि युरोपात हिटलरची मनधरणी चालू होती. म्हणजे फॅसिझमविरोधाचा धडा भारताला इंग्रजांकडून मिळाला, असं म्हणायला जागा नाही. तो आपला आपण घेतला होता, इंग्रज युद्धात उतरण्याच्या दोन वर्षं आधी.

नोव्हेंबर १९३७ मध्ये चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. अमेरिकी पत्रकार ॲग्नेस स्मेडली यांनी त्यासाठी मध्यस्थी केली होती. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी हे काम पुढे नेलं. ७ ते ९ जुलै हे तीन दिवस चीनसाठी निधी गोळा करण्याचे ठरले. सुमारे २२ हजार रुपये जमले. त्यात एक रुग्णवाहिका, औषधं आणि पाच डॉक्टर पाठवायचे होते.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल होते. स्पेनमधल्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णसेवा करून ते आले होते. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी होते. वयाने सर्वांत ज्येष्ठ नागपूरचे डॉ. चोळकर. नागपूर तेव्हा ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ची राजधानी, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याचीही राजधानी. आणि पाचवे सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस, वय २७.

कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. वडील सोलापुरात गिरणीत नोकरीला. गावात मान, सार्वजनिक कामाची आवड, पण घर मोठं आणि मिळकत बेताची. सोलापूर हे तेव्हा साधंसुधं गाव नव्हतं. मे १९३० मध्ये तिथल्या लोकांनी इंग्रजी अंमल काही दिवस मोडून काढला आणि सरकारने मार्शल लॉ पुकारला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याला फाशी दिलं. द्वारकानाथ तेव्हा विशीतला. पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून तो डॉक्टर झाला आणि पदव्युत्तर परीक्षेची तयारी करू लागला. नेमकं तेव्हाच चीनला जाणाऱ्या पथकासाठी नावं मागवली गेली.

इथे घराचा प्रश्न येतो. थोरल्यांनी काटकसर करून ज्याला डॉक्टर केलं, तो आता कमावता होणार होता. धाकट्या भावंडांची शिक्षणं आणि लग्नं व्हायची होती. चीनची घरात ओळख होती ती गल्लोगल्ली रेशमी कापड विकत फिरणाऱ्या चिनी फेरीवाल्यांपुरती. आईला हे पटणं शक्यच नव्हतं. वडिलांनी मात्र होकार दिला. मला वाटतं, या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हा आहे, आणि तो नोंदवायला तिथे कुणी पत्रकार नव्हता. मुलगा तरुण होता, त्याला जगाची ओढ होती, हे समजू शकतं. पण ज्या माणसाच्या खांद्यावर घर आहे त्याने ‘जा’ म्हणणं वेगळं. त्याच्या पदरात त्यातून काहीच पडणार नव्हतं.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोट मुंबईहून सुटली. निरोप द्यायला सरोजिनी नायडू होत्या. १७ सप्टेंबरला पथक कँटनला उतरलं. स्वागताला सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग आल्या होत्या. तिथून जपानी विमानांचे हल्ले चुकवत वूहान, मग इचांग, मग चुंगकिंग. ऑक्टोबर संपता संपता कँटन आणि वूहान दोन्ही जपान्यांच्या हाती गेले होते. चुंगकिंगला पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाअखेर ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर लावलं गेलं. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. याच सुमारास सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. परतायला कारण होतं आणि कुणी दोष दिला नसता. कोटणीस परतले नाहीत.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक कम्युनिस्टांचं केंद्र असलेल्या येनानला पोचलं. दवाखाने डोंगरात खोदलेल्या गुहांत, औषधं तुटपुंजी, थंडी हाडं फोडणारी. त्याच वर्षी चोळकर आणि मुखर्जी प्रकृतीमुळे भारतात परतले. उरलेले तिघे नोव्हेंबरमध्ये आघाडीकडे निघाले. पुढे आजारामुळे अटलही परतले. बसू आणि कोटणीस राहिले आणि जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या हबेई-शान्शीच्या डोंगरी भागात गेले. आठव्या मार्ग सेनेच्या १९४० च्या मोठ्या मोहिमेत कोटणिसांनी शेकडो जखमींवर उपचार केले. एकदा सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून याच भागात काम करताना १२ नोव्हेंबर १९३९ रोजी जखमेच्या विषबाधेने वारले होते. त्यांच्या नावाचं आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांच्या हाती आलं. रुग्णालय म्हणजे गावातल्या घरांतून मांडलेल्या खाटा. शत्रू जवळ आला की सगळं खेचरांवर लादून दुसऱ्या गावी हलवायचं. ते चिनी शिकले, इतके की त्या भाषेत शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. तिथेच परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगझेन यांनी सुचवलेलं त्याचं नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत-चीन. त्याच उन्हाळ्यात कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते.

अपस्माराचे झटके आधीपासून येत होते. उपचारासाठी परत जा असं सांगितलं जात होतं, ते त्यांनी मानलं नाही. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे, एकामागून एक आलेल्या झटक्यांत, हबेईतल्या गगोंग गावी ते गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. येनानहून माओ यांनी लिहिलेल्या शोकसंदेशात सेनेचा मदतीचा हात आणि राष्ट्राचा मित्र गेल्याचं दुःख होतं.

आता भारताकडे वळू, कारण मधल्या चार वर्षांत इथलं सगळं चित्र पालटलं होतं. जुलै १९४१ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने जपानची मालमत्ता गोठवली आणि कापसाचा जपानी बाजार एका फटक्यात बंद झाला. आखूड धाग्याच्या कापसाला गिऱ्हाईक उरेना. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कापूस कमी करून ज्वारी पेरायला सांगण्यात येऊ लागलं. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम् आणि काकीनाड्यावर जपानी बाँब पडले. आणि ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’. विदर्भात १६ ऑगस्टला आष्टी आणि चिमूर पेटले. चिमूरला त्यानंतर लष्कराने केलेल्या अत्याचारांविषयी घराघरांत बोललं जात होतं.

अशा वेळी विदर्भातल्या माणसाला फॅसिझमविरुद्ध लढायला कसं सांगायचं? जपानी सैनिक त्याने पाहिलेला नव्हता, गोऱ्या सोजिराची बंदूक पाहिली होती. सरकारी प्रचार म्हणे, इंग्रजांच्या बाजूने लढा म्हणजे लोकशाही वाचेल. कम्युनिस्टांनी हे ‘लोकयुद्ध’ आहे असं ठरवलं आणि ‘छोडो भारत’पासून ते दूर राहिले. ज्या सुभाषबाबूंनी चीनला डॉक्टर पाठवले होते, तेच १९४३ मध्ये टोकियोला पोचले आणि जपानच्या मदतीने आझाद हिंद सेना पुन्हा उभी करू लागले. यात कुणाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. देश गुलाम असला की प्रत्येक रस्त्यावर काही ना काही गमवावंच लागतं. पण या गदारोळात १९३७-३८ ची ती स्वच्छ भूमिका हरवत चालली होती, की आपण इंग्रजांच्याही विरोधात आहोत आणि फॅसिस्टांच्याही. तिला पुन्हा आवाज मिळाला तो पडद्यावर.

१९४३ मध्ये डॉ. बसू भारतात परतले. त्यांच्याकडून मिळालेल्या माहितीवर ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये कोटणिसांवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. ते दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्यापर्यंत पोचलं.

शांतारामबापू तेव्हा स्वतः नव्याने मांडामांड करत होते. १९४२ मध्ये ‘प्रभात’ कंपनी सोडून त्यांनी मुंबईत परळला ‘राजकमल कलामंदिर’ काढलं होतं, वडील राजाराम आणि आई कमळ यांच्या नावाने. युद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई होती. १९४२ पासून चित्रपटाची लांबी ११ हजार फुटांवर आणली गेली, पुढच्या वर्षी फिल्म परवान्यावर मिळू लागली. आणि परवाना हवा असेल तर युद्धकार्याला पूरक चित्रपटही काढा, अशी सरकारची अट आली. अनेक निर्मात्यांनी ती कशीबशी उरकली. शांतारामबापूंनी मात्र त्या अटीतच वाट शोधली. जपानविरुद्धच्या लढाईचा चित्रपट हवा आहे ना? मग काँग्रेसने पाठवलेल्या, पंडित नेहरूंना मानणाऱ्या, इंग्रजांशी काडीचा संबंध नसलेल्या मराठी डॉक्टरचा घ्या. सरकारला नाकारता येईना, आणि प्रेक्षकाला यात सरकार कुठे दिसेना. मला ही त्यांच्या कारकिर्दीतली फार मोठी राजकीय समज वाटते.

पटकथा अब्बास आणि वसंत साठे यांची, संगीत वसंत देसाईंचं, गीतं दिवाण शरर यांची. कोटणिसांची भूमिका शांतारामबापूंनी स्वतः केली, छिंगलानची जयश्रीबाईंनी. बाबूराव पेंढारकर जनरल फोंग झाले. चीन परळच्या स्टुडिओत उभा राहिला. परदेशासाठी इंग्रजी आवृत्तीही केली गेली.

आज पाहताना चित्रपटातल्या सोयीच्या जागा लपत नाहीत. डोळे ताणून, भुवया रंगवून मराठी नट चिनी झाले आहेत, ते खटकतं. जनरल फोंग हे काल्पनिक पात्र. साथीवर औषध शोधण्यासाठी कोटणीस स्वतःच्या अंगावर प्रयोग करतात आणि त्यातून मरण ओढवतं असं दाखवलंय. खरं मरण अपस्माराचं होतं, म्हणजे असं, की ज्याला नाट्य नाही आणि ज्याचा त्या काळी आपल्या समाजात उच्चारही लपूनछपून होई. कोटणीस कम्युनिस्ट पक्षात गेले होते, तेही चित्रपटात नाही. १९४६ मध्ये, सर्वांना चालेल असा राष्ट्रपुरुष उभा करताना, हे गाळलं गेलं. मला वाटतं हे गाळायला नको होतं. माणसाचा शेवटचा जाणीवपूर्वक निर्णय त्याच्या गोष्टीतून काढून घेणं हा अन्यायच.

पण घर त्यात आहे, आणि ते खरं आहे. याच काळात हॉलिवुडने ‘वॉच ऑन द ऱ्हाइन’ हा चित्रपट काढला होता (१९४३). लिलियन हेलमन यांच्या नाटकावरचा. नाझींशी लढणारा एक जर्मन माणूस बायकोमुलांना घेऊन वॉशिंग्टनला सासुरवाडीच्या सुरक्षित घरी येतो, आणि पकडलेल्या साथीदारांसाठी पुन्हा जर्मनीत जायला निघतो. घरच्यांनी त्याला जाऊ द्यायचं आहे. लढाई त्यात जवळजवळ नाहीच, सगळा संघर्ष दिवाणखान्यात. शांतारामबापूंनी दिवाणखाना आणि रणभूमी दोन्ही दाखवली, पण कळीचा प्रश्न तोच ठेवला: माणूस जातो तेव्हा मागे राहणारे काय देतात. शेवटाकडे मरणाच्या दारात असलेला कोटणीस पत्नीला सांगतो, की तू बाळाला घेऊन माझ्या घरी कशी जाशील, घर कसं दिसेल, कोण कसं भेटेल. आणि पडद्यावर ती सोलापूरच्या घराच्या उंबऱ्याशी येते. सून म्हणून.

हा चित्रपट वऱ्हाडातल्या गावांत कसा पोचला असेल याची कल्पना करता येते. चित्रपट व्यवसायात आजही ‘सी. पी. बेरार’ नावाचा वेगळा विभाग मोजतात आणि त्याच्या वितरणाचं जुनं केंद्र भुसावळ, मलकापूरपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. ज्या रुळांवरून कापसाच्या गाठी मुंबईकडे जात, त्यांच्यावरूनच फिल्मचे डबे वऱ्हाडात येत. त्याच १९४६ मध्ये अब्बास यांचा ‘धरती के लाल’ आणि चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ आला. हिंदी चित्रपट समाजाकडे नव्या नजरेने पाहू लागल्याचं ते वर्ष.

नंतरचं थोडक्यात. १९६२ च्या युद्धाने भारत-चीन मैत्रीचे सगळे शब्द पोकळ करून टाकले, आणि कोटणिसांचं नाव काही काळ अवघड होऊन बसलं. दोन्ही सरकारांना सोय होईल तेव्हा ते पुन्हा काढलं जातं. चीनने १९८२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं, भारताने १९९३ मध्ये. भारतात आलेले अनेक चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांना भेटले. सोलापुरातल्या त्यांच्या घराचं महापालिकेने स्मारक केलं आहे. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांचा पुतळा आहे आणि बेथ्यून यांच्या नावाचं ते रुग्णालय आता त्याच शहरात मोठं होऊन उभं आहे.

ग्वो छिंगलान खरोखर भारतात आल्या त्या १९५८ मध्ये, चित्रपटातल्या त्या प्रसंगानंतर बारा वर्षांनी. कोटणिसांच्या आई, भाऊ, बहिणी यांच्याशी त्यांनी नातं शेवटपर्यंत जपलं आणि पुढेही अनेकदा आल्या. यिनहुआ वैद्यकीचं शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये, पंचविशीही पुरी होण्याआधी, तो गेला. छिंगलान २०१२ मध्ये दालियन इथे वारल्या, म्हणजे नवऱ्याच्या मरणानंतर सत्तर वर्षांनी.